दाखवता न येणारं मत

निगडी प्राधिकरण,
सोमवार, रात्री

चि. सोनू,

काल तुझ्याकडे जेवताना मी गप्प राहिलो, ते तुझ्या सासूबाई पानावर होत्या म्हणून. नाहीतर भुरका अर्धवट सोडून तिथेच सुरू झालो असतो. किती सहज म्हणालीस तू, ‘मामा, आमच्यात लपवण्यासारखं काही नाहीच. कमिटीची निवडणूक गूगल फॉर्मवर घेतोय, नाव आणि एम्प्लॉयी आयडीसकट. सगळं ओपन.’ वर जावईबापूंनी मान डोलावली! वाकडचा पूल ओलांडून घरी येईपर्यंत माझं डोकं तेच उगाळत होतं. तुझी मामी म्हणाली, एवढं लागलंय तर फोन करा. पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणत दुसरीकडे टाइप करत असतेस, बटणांचा आवाज येतो मला. म्हणून हे पत्र. सावकाश वाच. आणि त्याचा फोटो काढून ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नकोस, एवढं आधीच सांगून ठेवतो.

तुम्ही पोरं संघटना काढताय याचा मला आनंद नाही असं समजू नकोस. उलट भाऊजी असते तर पेढे घेऊन आले असते. आमच्या वेळी हिंजवडीतला इंजिनिअर युनियन म्हटलं की नाक मुरडायचा. टीसीएसनं २०२५ च्या जुलैत बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं, आणि फेज वनपासून फेज थ्रीपर्यंत सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ‘नाइट्स’ आणि ‘फाइट’सारख्या आयटीवाल्यांच्या संघटना त्याआधीपासून पुण्यात धडपडत होत्याच. आता तुमच्यासारखे शंभर-दीडशे जण स्वतःहून जमतात, वर्गणी काढतात, घटना लिहायला घेतात, हे साधं नाही. म्हणूनच पहिली निवडणूक नासू नये असं वाटतं.

तुला एक गंमत सांगतो. तुमच्या आयटी पार्कच्या जागेवर म्हणे साखर कारखाना व्हायचा होता, तो पुढे कासारसाईला गेला. पवारसाहेब हा किस्सा भाषणातून सांगतात. हिंजवडीतच राहिला असता तर आज तिथे पॅनलं पडली असती, जीपा भरभरून सभासद आले असते, मटणाच्या पंगती उठल्या असत्या. पण मतदान पडद्याआड झालं असतं! मुळशीतल्या ऊसवाल्याला जो आडोसा मिळतो तो एम. टेक. झालेल्या मुलीला नको असतो, हे कुठलं शिक्षण?

तुझा मुद्दा मला समजला. नाव नसेल तर एकच माणूस दोनदा मत देईल. अगं, हा प्रश्न शे-दीडशे वर्षांपूर्वी सुटलाय. कोण आला ते उघड ठेवायचं आणि काय दिलं ते बंद. मतदारयादीवर सही घ्यायची, ओळखपत्र बघायचं, नावापुढे खूण करायची, मग कोरी मतपत्रिका हातात द्यायची. सही एका कागदावर, मत दुसऱ्या कागदावर, आणि या दोन कागदांना जोडणारा धागा कुठेही नको. तुमचा फॉर्म हे दोन्ही एकाच ओळीत बसवतो. नाव, आयडी, वेळ, मत, सगळं शेजारी शेजारी. ती शीट कुणाच्या ड्राइव्हवर असणार? आज तुझ्या. उद्या तू कंपनी बदललीस तर? आणि व्हॉट्सॲपवरचा पोल तर त्याहून पुढचा. तिथे नुसतं बोट लावलं की कुणी कुणाला मत दिलं त्याची नावंच येतात.

‘मग नाव काढून टाकतो’ असं म्हणशील. तेवढ्यानं भागत नाही. तुमच्या कंपन्या दरवर्षी तो निनावी सर्व्हे घेतात ना, ज्यात प्रोजेक्ट कुठला, अनुभव किती, स्त्री की पुरुष, वय काय असं विचारतात? तूच सांगितलं होतंस की तुमच्या टीममध्ये नऊ वर्षं अनुभवाची बाई एकटी तूच, म्हणून तू त्यात सगळीकडे ‘उत्तम’ ठोकून मोकळी झालीस. तेव्हा बरं कळलं होतं! आणि आता संघटनेचा निकाल प्रोजेक्टवार लावणार म्हणतेस.

भोसरीच्या त्या कारखान्याचं तुला अर्धवट माहीत आहे, आई घरात कुजबुजायची तेवढंच. आज पूर्ण ऐक. तिथे मतदान अगदी रीतसर झालं होतं. वकीलसाहेब निवडणूक अधिकारी, चिन्हं वाटलेली, पडद्यासाठी कॅन्टीनमधली चादर लावलेली. फक्त सोय म्हणून खात्यावार पेट्या ठेवल्या: पेंटशॉप, असेंब्ली, स्टोअर्स, टूलरूम. मोजणीही खात्यावार. टूलरूममध्ये माणसं अकरा, आणि पेटीतून निघालेली अकराच्या अकरा मतं विरोधी पॅनलला. कुणी कुणाचं नाव घेतलं नाही, घ्यायची गरजच नव्हती. महिनाभरात टूलरूमचा ओव्हरटाइम बंद झाला, दोघांची बदली नाशिकच्या गोदामावर झाली. मॅनेजमेंटनं केलं असं सगळे म्हणत होते. कागद मॅनेजमेंटनं हलवले हे खरं, पण आकडे टेबलावर नेऊन ठेवले ते निवडून आलेल्या आपल्याच माणसांनी. त्यातला एक टर्नर, ज्याच्या लग्नात तू लहानपणी घोड्यामागे पळाली होतीस, तो त्यानंतर गेट मीटिंगला कधी आला नाही.

म्हणून मला ‘ओपन’ या शब्दाची धास्ती वाटते. तुम्हाला वाटतं गुप्तता मॅनेजरपासून हवी. ती हवीच. पण ती त्याहून जास्त हवी आपल्या अध्यक्षापासून, पॅनलप्रमुखापासून, शेजारच्या खुर्चीवरच्या मैत्रिणीपासून. मॅनेजर एकदा अप्रेझल खराब करील. मैत्रीण रोज डबा उघडताना तोंड फिरवील, आणि माणूस त्यालाच जास्त घाबरतो.

आता तू म्हणशील, मामाचं घोडं डॉ. दत्ता सामंतांवर येऊन थांबणारच. थांबणार! कारण गिरणी संपाचा सगळा विषय मुळात हाच होता. १९८१ च्या दिवाळीत स्टँडर्ड मिलचे कामगार बोनससाठी डॉक्टरांच्या घाटकोपरच्या घरी गेले, आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरणगाव बंद झालं. सुमारे अडीच लाख माणसं बाहेर. पण १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स कायद्यानं बोलणी करायचा हक्क एकट्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाला दिलेला. त्यांचं प्रतिनिधित्व कशावरून? सभासदांच्या नोंदीवरून. अडीच लाख लोक रस्त्यावर उभे राहून ओरडतायत की हे आमचे नाहीत, आणि सरकारदरबारी बोलायला मात्र तेच. संपाच्या मागण्यांमध्ये पगारवाढीच्या बरोबरीनं तो कायदा रद्द करा, संघाची मान्यता काढा, हेही होतं. पुढे १९८४ च्या डिसेंबरात लोकसभा आली. इंदिराबाईंच्या हत्येनंतरची ती लाट, आणि त्या लाटेत दक्षिण-मध्य मुंबईतून डॉक्टर अपक्ष निवडून आले. गिरणगावाची मर्जी विचारायला तिथे एक दिवस आणि एक पेटी पुरली. हीच पेटी तीन वर्षं आधी गिरण्यांच्या दारात ठेवली असती तर संप टळला असता का, ते मी छातीठोक सांगत नाही. डॉक्टरांचंही सगळंच बरोबर होतं असं माझं मत नाही, तुझ्या आजोबांशी त्यावरून माझा अबोला झाला होता. पण निदान कोण कुणाच्या वतीनं बोलतोय हे तरी ठरलं असतं.

आपल्या महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा, जो आम्ही ‘पल्प’ म्हणतो, तोही पावतीवरच चाललेला. अर्जाआधीचे सहा महिने सलग ३० टक्के सभासद दाखवा, इंडस्ट्रियल कोर्ट तपासणार, मान्यता देणार. मग चालतं काय? एकाच कामगाराच्या खिशात दोन युनियनच्या पावत्या. वर्गणी पुढारीच भरतो आणि पावती पुस्तक रात्रीत लिहून होतं. आणि सर्वांत वाईट म्हणजे मान्यता सिद्ध करायला आपल्याच माणसांची नावनिशीवार यादी पुढे करावी लागते. हिंजवडीत अशी यादी उघडी पडली तर दुसऱ्या दिवशी कुणाकुणाला ‘प्रोजेक्टमधून रिलीज’ करतील ते मी तुला सांगायला नको.

पावतीवाल्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, बरं का. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगापुढे १९६९ च्या आधी हा वाद चांगला घासला गेला. इंटक म्हणायची, महिनोन्‌महिने वर्गणी भरणारा तोच खरा सभासद. एका दिवसाच्या मतदानात जो मोठी घोषणा देईल तो जिंकतो. आयटक आणि हिंद मजदूर सभा मतपेटीच्या बाजूनं. आयोगानं दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या. घोषणेची भीती खरीच आहे, मी ती भोगलीय. पण उपाय म्हणून माणसाचं नाव उघडं पाडायचं हे मला कधी पटलं नाही. पुढे १९९५ मध्ये फूड कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजूंच्या संमतीनं गुप्त मतदानाची सगळी पद्धतच घालून दिली. तो निकाल तुमच्या वकिलाकडून मागून घे आणि वाच, भाषा सोपी आहे. रेल्वेनं तर २००७ मध्ये, २०१३ मध्ये आणि २०२४ च्या डिसेंबरात लाखो कामगारांचं मतदान घेतलं. इंजिन ड्रायव्हरपासून गँगमनपर्यंत सगळे पेटीपाशी आले. गाड्या धावत होत्या, मतदान होत होतं. तुमच्या शंभर-दीडशे जणांना अवघड काय आहे?

आता नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. मस्टरवरच्या ५१ टक्क्यांचा पाठिंबा असेल तर ती एकच युनियन बोलणी करणार. तसं कुणीच नसेल तर २० टक्क्यांच्या वरच्या संघटनांची मिळून कौन्सिल. पाठिंबा तपासायचा कसा, हे संहितेनं नियमांवर सोडलंय. तिथे लक्ष ठेवा. पण कमिटी कशी निवडायची हे घरचं काम आहे. १९२६ चा जुना ट्रेड युनियन कायदासुद्धा एवढंच म्हणायचा की निवडीची पद्धत घटनेत लिहा. २००१ मध्ये त्यात मुदत तीन वर्षांवर नको ही भर पडली. मतदान गुप्तच घ्या असं त्यानं कधी बजावलं नाही. म्हणजे तुम्ही घटनेत लिहिलंत तरच ते असणार, नाहीतर नसणार. आणि लिहाल तेव्हा ‘सभासदाला गुप्त मतदानाचा हक्क राहील’ असं गुळमुळीत लिहू नका. हक्क म्हटलं की तो सोडता येतो. ‘माझं मी दाखवतो, तुझं काय जातं?’ असं म्हणणारा पहिला शूर वीर निघाला की बाकीच्या सगळ्यांवर पाळी येते. दाखवणारे निष्ठावंत, न दाखवणारे संशयित. तेव्हा मत दाखवता येऊच नये अशी व्यवस्था करा. दाखवेल त्याचं मत बाद, असं लिहा.

आमच्या गेटवर चालायचं ते सांगतो. पहिला माणूस आत जातो, मतपत्रिका घेतो, पेटीत तसलाच घडी घातलेला साधा कागद टाकतो आणि कोरी पत्रिका खिशात घालून बाहेर येतो. टपरीमागे पॅनलचा माणूस तिच्यावर फुली मारतो आणि दुसऱ्याच्या हातात देतो. दुसरा भरलेली पत्रिका पेटीत टाकतो, आपली कोरी बाहेर आणतो. कोरी दिली की शंभराची नोट. संध्याकाळपर्यंत साखळी तुटत नाही. उपाय काय? अधिकाऱ्यानं पत्रिकेच्या पाठीवर सही करायची आणि घडी केलेली पत्रिका पेटीत जाताना ती सही बघायची, आतली खूण नाही. पत्रिकेला नंबर मात्र देऊ नका. लोकसभेला कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा स्थळप्रतीवर मतदाराचा क्रमांक लिहायचे, पण ती स्थळप्रत सीलबंद होऊन सरकारी ताब्यात जायची. तुमचं सील कोण सांभाळणार, वाकडच्या फ्लॅटमधलं कपाट?

आणि मोबाइल बाहेर. हे तर शंभर वेळा सांगीन. हल्ली मत देऊन फोटो काढून ग्रुपवर टाकायची हौस आलीय. तो फोटो हौशीनं निघतो की कुणीतरी मागितलाय म्हणून, हे चेहऱ्यावरून ओळखू येत नाही.

घरून काम करणाऱ्यांचं काय, हे विचारशील. लातूरची ती मुलगी, नागपूरचे दोघं. त्यांना टपालानं पाठवा, दोन पाकिटांत. आतल्या पाकिटावर काहीही लिहायचं नाही, बाहेरच्यावर सही. बाहेरचं फोडून सही यादीशी जुळवायची, आतलं न उघडता पेटीत, मग सगळी पाकिटं कालवून उघडायची. यातही फट आहे, मला माहीत आहे. घरी नवरा शेजारी बसून सांगू शकतो. अमेरिकेत अलाबामाच्या बेसेमर गावात ॲमेझॉनच्या गोदामात २०२१ साली युनियनसाठी टपालानं मतदान झालं. कंपनीच्या आग्रहावरून टपालाची पेटी गोदामाच्या दारातच बसवली आणि तिच्याभोवती तंबू ठोकला. पेटीला कंपनीनं हात लावला की नाही, हा वाद वेगळा. तिथल्या कामगार संबंध मंडळानं फेरमतदान लावलं, कारण कंपनी बघतेय असं माणसाला वाटलं तेवढं पुरे. तुमच्या ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये पेटी ठेवायचा विचार असेल तर तोही सोड. एचआरनं फुकट दिली तरी नको. लक्ष्मी चौकाकडे एखादा हॉल घ्या, भाडं मी देतो.

परवा आमच्या सोसायटीतही हाच तमाशा. चेअरमन म्हणतात, हात वर करा, पाच मिनिटांत होतं. सगळे हात वर गेले, अर्थातच. लिफ्टमध्ये रोज भेटणाऱ्या माणसाविरुद्ध कोण हात खाली ठेवणार? मी उठून चिठ्ठ्या मागितल्या तर म्हणाले, काका, तुम्ही अजून गेटवरच आहात. आणि यांना दोष तरी काय द्यायचा? २०२१ च्या डिसेंबरात आपल्या विधानसभेनंच अध्यक्षाच्या निवडीतलं गुप्त मतदान नियम बदलून काढून टाकलं. राज्यसभेला तर मत पक्षाच्या माणसाला दाखवायचंच असतं. २०२२ च्या जूनमध्ये एका आमदाराचं मत बाद झालं, कारण म्हणे पत्रिका नको त्या लोकांनाही दिसली. आमदारानं पक्षाला उत्तर द्यावं हे समजू शकतं, तो दुसऱ्यांच्या वतीनं मत देतो. तुम्ही स्वतःच्या वतीनं देता. हा फरक तुमच्या मंडळींना नीट समजावून सांग, नाहीतर कुणीतरी मुंबईचा दाखला देईल.

मोजणीबद्दल पुन्हा सांगतो, कंटाळा आला तरी वाच. सगळ्या पेट्या आधी एकत्र ओता, कालवा, मग मोजा. निवडणूक आयोगालाही हे कळतं. यंत्रं आल्यापासून बूथवार आकडे फुटतात आणि गावाला कळतं की कुठल्या वस्तीनं पाडलं. म्हणून आयोगानं २००८ मध्येच टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं, चौदा यंत्रांची बेरीज एकदम करणारं. ते अजून आलेलं नाही. का आलं नाही, ते तूच ताड. तुम्हाला त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, एक मोठी परात लागते. ती आईकडे आहे, श्रीखंडाची.

सोनू, खरी काळजी वेगळीच आहे. तू उभी राहणार आहेस हे तू काल बोलली नाहीस, पण जावईबापूंच्या तोंडून निसटलं. घराचा हप्ता चालू आहे, शाळेची फी आहे, नोटिस पिरियड तीन महिन्यांचा. उभी राहा, मी अडवणार नाही; अडवायचं माझं तोंडही नाही. पण निवडून आलीस तर ती शीट तुझ्या हातात असेल, आणि पडलीस तर दुसऱ्या कुणाच्या. दोन्हीतलं मला काहीच बघवणार नाही. निवडून आलेल्या माणसाला ‘मला मत कोणी दिलं नाही’ हे एकदा कळलं की तो चांगला राहत नाही, मी चांगलेचांगले बिघडताना पाहिलेत. तू चांगली आहेस, म्हणूनच सांगतो, तुझ्याकडे ती माहिती येऊच देऊ नकोस.

घटनेचा मसुदा मला पाठव, कागदावर. निवडणूक अधिकारी म्हणून तुमच्यातला कुणी नको. एखादा निवृत्त कामगार अधिकारी किंवा लेबर कोर्टातला वकील बघू, माझ्या ओळखीचे दोघे अजून हिंडतेफिरते आहेत. सासूबाईंना नमस्कार. आमटी छान झाली होती, तेही बोलायचं राहिलं.

तुझा,
मामा

ता. क. यादीचं काय ठरलं? टीम लीडना मत आहे की नाही? पगारवाढीची शिफारस जो लिहितो तो सभासद असावा का, यावर तुमच्यात दोन तट आहेत असं जावईबापू म्हणाले. हे आधी मिटवा. मतदानाच्या सकाळी दारात हा वाद निघाला तर पडदा, परात, दोन पाकिटं सगळं वाया जाईल. माझं मत विचारशील तर नको. पण तुमच्याकडे चार माणसांवरही टीम लीड असतो म्हणे, तेव्हा शनिवारी येतो, समोर बसून बोलू.